गोळीचं नाव, मोबाइल नंबर

रेवदंड्याच्या बाजारात एकतीस वर्षं माझं औषधाचं दुकान आहे. सासर चौलचं. घरामागे सुपारीची वाडी, घरात बहुतेक सगळे शिक्षक नाहीतर सरकारी नोकर. दुकान काढणारी मीच पहिली. फार्मसीची पदविका लग्नाआधीच झालेली होती आणि घरात बसून ती कुजवायची नव्हती. सासऱ्यांनी एकदाच विचारलं, "गल्ल्यावर बसायला लाज नाही ना वाटणार?" मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तेच मला अलिबागला परवान्याच्या कचेरीत घेऊन गेले.

बाहेरच्यांना वाटतं, आमचं काम म्हणजे चिठ्ठी वाचायची आणि फळीवरून खोका काढून द्यायचा. पण चिठ्ठीशिवायही पुष्कळ काही विकलं जातं. खोकल्याच्या वड्या, बाम, टॉनिक, पावडर, लहान मुलांचे डबे. त्यातलं काय डोळ्यांसमोर ठेवायचं आणि काय खालच्या फळीत, हे दुकानदार ठरवतो. सर्दीची गोळी मागायला आलेल्या माणसापुढे वाफेच्या कॅप्सूल सहज सरकवल्या, तर दहांतले निम्मे लोक त्या घेतात. न सरकवता एकही घेत नाही. हे पहिल्या सहा महिन्यांतच माझ्या लक्षात आलं आणि मला ते फार आवडलं, हे कबूल करते. आपल्या एका वाक्यावर माणूस पिशवीत काय भरतो ते ठरतं, याची एक नशा असते.

त्या नशेतली एक चूक अजून बोचते. एका कंपनीने टॉनिकच्या बाटल्या खपवल्या की दुकानदाराला प्रेशर कुकर बक्षीस ठेवला होता. बाजारात मासळी विकणारी एक बाई सारखी दमायची. मी तिला तीन महिने ते टॉनिक दिलं. कुकर घरी आला. पुढे अलिबागला तपासणी झाल्यावर कळलं की तिला थायरॉइड होता. तरीही ती गोळ्यांची चिठ्ठी घेऊन माझ्याकडेच आली. त्या दिवसापासून मी स्वतःला एक सवय लावली. काही सुचवण्याआधी समोरच्याचं तोंड नीट बघायचं, आणि शंका आली तर सुचवायचं नाही. धंद्याला ही सवय परवडत नाही, पण झोपेला परवडते.

दुसरी गोष्ट, तोंड बंद ठेवायचं. गावात कोणाला मूळव्याध आहे, कोणाच्या सुनेने कुठली तपासणीची पट्टी नेली, कोण रोजची झोपेची गोळी घेतो, हे सगळं मला माहीत असतं. यजमानांनाही मी कधी सांगितलं नाही. ते शिक्षक होते, त्यांचे निम्मे विद्यार्थी माझे गिऱ्हाईक, तरी नाही.

मंदाताई अशाच माझ्या भरवशावर येणाऱ्या. कोळीवाड्यात घर, नवऱ्याची होडी, स्वतः सुकी मासळी घेऊन बाजारात बसायच्या. त्यांची धाकटी मुलगी प्रणाली. तिला शाळेत असताना फिट आली आणि तेव्हापासून गोळ्या सुरू झाल्या. मंदाताई दर महिन्याला दुपारी, दुकानात कोणी नसताना यायच्या. गोळीचं नाव कधी घेत नसत. नुसतं म्हणायच्या, "मॅडम, आमचा नेहमीचा." मी पाकीट पुढे करायची. आठ वर्षं हे असंच चाललं. मुलगी बी. कॉम. झाली, अलिबागला एका पतपेढीत लागली. गोळ्या वेळेवर असल्यामुळे तिला चार वर्षांत एकदाही फिट आली नव्हती. तिच्या आईइतकाच मलाही त्याचा अभिमान होता.

मग सामंत ते सॉफ्टवेअर घेऊन आले.

सामंत म्हणजे परका माणूस नव्हे. वीस वर्षं एका औषध कंपनीचे प्रतिनिधी म्हणून ते दुकानात यायचे. माझ्या मुलीच्या लग्नाला आले होते. नोकरी सुटल्यावर त्यांनी दुकानांना बिलाचं सॉफ्टवेअर बसवून द्यायचं काम धरलं. म्हणाले, "मॅडम, फुकट आहे. बिल करताना फक्त गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर टाकायचा. गोळ्या संपत आल्या की त्याच्या फोनवर आपोआप निरोप जातो. गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार नाही. आणि त्याने अजून काय घ्यावं तेही पडद्यावर येतं."

"फुकट कसं काय देतात?" मी विचारलं.

"आता सगळंच फुकट असतं," ते हसून म्हणाले.

ह्या उत्तरावर मी थांबायला हवं होतं. पण ऑनलाइन औषधं मागवणारी गिऱ्हाइकं वाढत होती, अलिबागची मोठी दुकानं घरपोच देत होती, आणि मी घाबरले होते. मी कराराच्या लांबलचक मजकुराखाली "मान्य" दाबलं. वाचला नाही. चिठ्ठीवरचं मुंगीच्या पायासारखं अक्षर लावणारी मी, छापलेला मजकूर वाचला नाही.

सुरुवातीला ते यंत्र मला खूप हुशार वाटलं. मधुमेहाच्या गोळ्यांचं बिल केलं की पडद्याच्या कोपऱ्यात यायचं, 'हे ग्राहक पायाचं मलमही घेतात.' आणि खरंच घ्यायचे. आमच्याकडे म्हात्रे म्हणून निवृत्त पोस्टमन आहेत, एकटे राहतात, रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला हमखास विसरायचे. त्यांच्या फोनवर निरोप जायला लागल्यापासून ते बरोबर तारखेला हजर. "तुमचं मशीन माझ्या मुलापेक्षा बरं, मॅडम," म्हणायचे. मी सामंतांना फोन करून हे सांगितलं. एवढी खूश होते.

मंदाताई आल्या तेव्हा त्यांचाही नंबर मी घेतला. बिलावर रुग्णाचं नाव, गोळीचं नाव, मोबाइल नंबर. त्यांनी विचारलंही, "नंबर कशाला, मॅडम?" मी म्हटलं, "गोळ्या चुकू नयेत म्हणून."

पुढे प्रणालीचं लग्न ठरलं. मुलगा मुरूडकडचा, बोटीवर नोकरीला. मंदाताई पेढे घेऊन आल्या. मी हळूच विचारलं, "त्यांना सांगितलंय ना?" त्यांनी मान खाली घातली. "सांगू. पोरगी बोलते आधी सांगा. तिचा बापूस बोलतो लग्नानंतर." मी पेढा घेतला. त्यापुढे बोलणं हा माझा अधिकार नव्हता.

त्यानंतर महिन्याभराने मंदाताई सकाळी दुकान उघडताच आल्या. दुकानात दोन माणसं होती. ती जाईपर्यंत त्या बाजूला उभ्या राहिल्या. मग काउंटरजवळ येऊन म्हणाल्या, "मॅडम, एक ईचारू? तुमी कोनाला सांगितला काय?"

"काय सांगितलं?"

"माज्या पोरीचा."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. मुलाची आई आणि बहीण साड्या ठरवायला घरी आल्या होत्या. मंदाताईंच्याच फोनवर सगळ्या मिळून साड्यांचे व्हिडिओ बघत होत्या. एक साडी झाली, दुसरी झाली, आणि मध्येच जाहिरात लागली. पांढरा कोट घातलेली बाई मराठीत म्हणत होती, 'घरातल्या मुलीला फिट येतात? लग्नाची काळजी वाटते? तीन महिन्यांत सुटका.' मंदाताईंनी घाईघाईने बोट फिरवलं. दोन साड्यांनंतर तीच बाई पुन्हा. मुलाची बहीण हसत म्हणाली, "तुमच्या फोनवर हे काय येतं, मामी? ज्याला जे पायजे तेच येतं म्हणे." मंदाताईंचा चेहरा पडला. विहीणबाईंनी तो बघितला. बाकी काही बोलावं लागलं नाही.

"चार दिसांनी निरोप आला," मंदाताई म्हणाल्या. "लगीन मोरला. लपवला म्हून मोरला. मॅडम, आमच्या घराभायेर ह्या फक्त डाक्टरला न् तुमालाच म्हायती."

मी म्हटलं, "मंदाताई, मी तोंडातून शब्द काढलेला नाही. माझ्या मुलीची शपथ."

"मंग फोनला कोन बोलला?"

हा प्रश्न त्यांनी भांडणाच्या सुरात विचारला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या मागे पडद्यावर बिलाची खिडकी उघडी होती.

तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. सामंतांना फोन केला. ते म्हणाले, "छे हो मॅडम, नावं कुठे जात नाहीत. फक्त गट पाडतात. अमुक औषध घेणारे, अमुक वयाचे. जाहिरातवाले गटाला दाखवतात."

"गटाला म्हणजे फोनलाच ना?"

"आता फोनवरच दाखवणार. भिंतीवर रंगवण्याचे दिवस गेले." मग वर म्हणाले, "आणि तुम्ही काय वेगळं करायचात? सर्दीच्या गोळीवर वाफेच्या कॅप्सूल तुम्हीच पुढे करायचात ना? हे तेच आहे. यंत्र करतं, एवढंच."

 फोन ठेवल्यावर मला उत्तर सुचलं. मी तोंड बघून थांबायचे. साड्या बघायला आलेल्या विहिणीसमोर फिटच्या गोळ्यांचं नाव मी मरेपर्यंत काढलं नसतं. त्या यंत्राला खोलीत कोण बसलंय ते दिसत नाही, किंवा दिसत असलं तरी त्याला त्याचं काही नाही.

कंपनीच्या मदतकेंद्रात फोन लावला. गोड आवाजाच्या मुलीने सांगितलं की तुमची माहिती सुरक्षित आहे. मी करार उघडून वाचायला बसले. अकराव्या की बाराव्या कलमात 'सेवा सुधारण्यासाठी भागीदारांना' असं काहीतरी होतं. भागीदार कोण, ते लिहिलेलं नव्हतं.

मग मी एक उद्योग केला. आमच्या घरात कोणालाही सोरायसिस नाही. मी स्वतःच्या नंबरवर त्यावरच्या मलमाचं बिल केलं, पैसे गल्ल्यात टाकले आणि मलम कपाटात ठेवून दिलं. आता जाहिरात येते का ते बघायचं ठरवलं. सारखा फोन उघडायची. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना माझा डोळा फोनकडे. स्वयंपाक करताना फोन ओट्यावर. यजमान म्हणाले, "तुला कोणाचा फोन यायचाय का?" आठ दिवस काही नाही. मला बरं वाटायला लागलं. मग एका सकाळी सांडग्यांची कृती बघताना मध्येच आलं, 'कातडीचे पापुद्रे निघतात? लोकांसमोर हात लपवता?'

मी यजमानांना सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुकानातली गोष्ट घरात बोलले, नावं न घेता. त्यांनी शांतपणे विचारलं, "या आठ दिवसांत तू फोनवर त्या रोगाचं नाव कुठे लिहिलंस का?"

लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी त्या मलमाच्या जाहिराती कशा असतात ते बघायला मीच शोधलं होतं. म्हणजे माझी परीक्षा माझ्याच बोटाने बुडाली. जाहिरात बिलावरून आली की शोधण्यावरून, हे आता कोणीही सांगू शकत नव्हतं. मंदाताईंच्या घरातही कोणी कधी काही शोधलं असेल, नसेल. सुटायचं असेल तर ही फट मला पुरेशी होती. कायद्यानेही पुरली असती. पण मला दुपारचं जेवण जाईना.

शेवटी एका रविवारी मी कोळीवाड्यात गेले. मंदाताई अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होत्या. मला बघून त्यांनी हात पुसले, खुर्ची आणली. प्रणाली आत होती, तीही बाहेर येऊन उंबऱ्याशी बसली. लग्न मोडल्यापासून ती कामावर जात नव्हती.

मी सांगितलं ते सरळ सांगितलं. नंबर मी घेतला, नाव मी लिहिलं, करार न वाचता मान्य केला. तिथूनच बातमी गेली असं मला सिद्ध करता येत नाही, पण तिथून गेली नाही असंही म्हणता येत नाही. "मंदाताई, मी बोलले नाही हे खरं. पण मी लिहिलं."

 मंदाताई म्हणाल्या, "तुमी तर गोल्या चुकू नये म्हून केलाव." आणि डोळ्याला पदर लावला. मला वाटलं होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

तेवढ्यात प्रणाली म्हणाली, "मॅडम, त्या जाहिरातीतलं औषध खरंच लागू पडतं काय?"

तिचा सूर नुसत्या चौकशीचा नव्हता. मी विचारलं, "तू मागवलंस?"

ती उठून आत गेली आणि एक बाटली घेऊन आली. हिरवे थेंब. लेबलावर पानाफुलांचं चित्र. उत्पादन परवान्याचा क्रमांक नाही, आत काय आहे ते नाही, पत्ताही धड नाही. अर्धी बाटली संपलेली होती.

"आणि गोळ्या?"

तिने आईकडे बघितलं. "जाहिरातवाल्यांनी सांगितलं हळूहळू कमी करा. मी एक दिवसाआड घेते. ह्या आठवड्यात घेतलीच नाय."

 मंदाताई तर दर महिन्याला गोळ्या नेत होत्या. माझ्या पडद्यावर तिच्या नावापुढे 'नियमित ग्राहक' असं हिरव्या अक्षरांत येत होतं. आणि मुलगी त्या गोळ्या कपाटातल्या डब्यात साठवत होती. आईच्या फोनवर मेंदीची नक्षी बघताना ती जाहिरात तिला साखरपुड्याच्या आधीच दिसली होती. बाप आधी सांगू देत नाही, तर लग्नापर्यंत बरंच व्हायचं, म्हणजे सांगायचं काही उरणारच नाही, एवढाच तिचा हिशेब. जाहिरातीखालच्या रकान्यांत तिने आपलं नाव आणि स्वतःचा नंबर भरला.

फिटच्या गोळ्या अशा अचानक सोडल्या तर पूर्वीपेक्षा मोठी फिट येऊ शकते, एकामागून एक येत राहू शकतात, जिवावर बेतू शकतं. हे आम्हाला पदविकेच्या वर्गात शिकवलेलं असतं. मी ते तिला तेव्हा सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "चप्पल घाल. आपण अलिबागला जाऊ."

रिक्षात एका बाजूला मंदाताई, एका बाजूला मी, मध्ये प्रणाली. ओळखीच्या डॉक्टरांना मी निघतानाच फोन केला होता. रेवदंडा ते अलिबाग रस्त्याने मी हजारदा गेले असेन, पण इतका लांब तो कधी वाटला नाही. तिचा हात मी धरून ठेवला होता, तिला धीर द्यायला नव्हे, बोटं आखडतात का ते कळावं म्हणून. नागावच्या पुढे ती एकदम गप्प झाली, डोळे एका जागी लागले. मी हाक मारली. "काय?" ती म्हणाली. ती नुसती बाहेर बघत होती. मंदाताईंनी तोवर माझा खांदा घट्ट पकडला होता. तो दोन दिवस दुखत होता.

डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. गोळ्या पुन्हा बसवल्या. त्यांनी बाटली बघितली आणि बाजूला ठेवून दिली. मला म्हणाले, "महिन्याला तुमच्या भागातून तीन-चार बाटल्या येतात माझ्याकडे. दर वेळी लेबल वेगळं."

दुकानातलं ते सॉफ्टवेअर मी बंद केलं. आजवरची माहिती पुसून टाका, असं कंपनीला लेखी कळवलं. 'आपली विनंती मिळाली' असा निरोप आला, पुढे काही नाही. त्या भागीदारांकडे गेलेलं पुसलं जातं का, हे सामंतांनाही सांगता आलं नाही. ते माझ्यावर थोडे नाराज आहेत. म्हणतात, "मॅडम, तुम्ही एकट्या थांबून काय होणार? पुढे तर चिठ्ठी आणि दुकान लागणारच नाही. मनगटावरचं घड्याळ नाडी बघेल, फोन औषध सुचवेल, आणि तोच मागवेल." ते खोटं बोलत नाहीत हे मला माहीत आहे. बंद करण्याचा तोटाही लगेच दिसला. म्हात्रे पोस्टमन बारा दिवस गोळ्यांशिवाय राहिले आणि चक्कर येऊन बाजारात पडले. आता मी वहीत बघून त्यांना स्वतः फोन करते. अशी चाळीस-पन्नास नावं आहेत. सगळ्यांना फोन करणं जमत नाही, आणि कोणाचा राहिला की दिवसभर रुखरुख लागते.

प्रणालीला मध्ये एक फिट आली. घरीच, हलकी. डॉक्टर म्हणाले, होईल नीट. ती पुन्हा पतपेढीत जायला लागली आहे आणि हल्ली गोळ्या न्यायला स्वतः येते. तिने मला दोष दिलेला नाही. मागच्या महिन्यात दुकानात कोणी नव्हतं, तेव्हा मी तिला विचारलं, "एवढी शिकलेली तू. लेबलावर काही नाही, हे तुला दिसलं नाही?"

ती जरा वेळ काउंटरच्या काचेवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "नाव भरल्यावर त्या बाईचे व्हिडिओ रोज यायला लागले, मॅडम. ती मला नावानं हाक मारायची. बोलायची, प्रणाली, आज कसं वाटतंय? घरी मला तसं कोनी ईचारत नाय. सगळे घाबरून असतात."

"अगं, ती खरी बाई नसते. यंत्रानेच तयार केलेली असते."

"माहीत हाय."

"आता नाही ना येत?"

"येते की."

"अजून त्या थेंबांचंच?"

"नाय. आता लग्नं जुळवायच्या साइटचं." तिने पाकीट पर्समध्ये टाकलं आणि चेन लावली. "बोलते, प्रणाली, एक जमलं नाय म्हणून खचू नको. सगळं आधीच सांगून टाकणाऱ्या मुलींसाठी आमच्याकडे वेगळी स्थळं आहेत."

ती गेली. गोळीचं नाव मी लिहिलं होतं, तिचं नाव मी लिहिलं होतं, नंबर मी लिहिला होता. पण लग्न मोडल्याचं मी कुठेही लिहिलेलं नव्हतं.